उलटे आटे

तिसरा बोल्टही कडकन तुटला आणि हिंमतराव पान्यासकट रस्त्यावर आपटले.

डावं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं होतं. जळकोट अजून लांब, आणि लेकीचं, प्रेमलाचं, सासर नळदुर्गच्याही पलीकडं. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात घेतलेली ही जुनी जीप. एरवी ती ईरण्णा चालवायचा. पण तो बहिणीच्या लग्नाला गेला होता, आणि आजचं जाणं टळणारं नव्हतं. हिंमतरावांना गाडी हाकण्यापुरती येत होती. चाक खोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

सासरचा निरोप महांतप्पा मध्यस्थानं आणला होता. दिवस मावळायच्या आत पोरीला आणून घाला, नाहीतर आमी दुसरी करून घेतो. दिवाळीत प्रेमला माहेरी आली ती एकटीच. तिचा लहानगा शिवशरण सासूनं ठेवून घेतला होता. हिंमतरावांनी निरोप ऐकला आणि लेकीला म्हणाले, "तयारी कर." तिनं मुकाट्यानं तयारी केली. शहाणी पोर, असं त्यांना वाटलं.

"गंजलेत समदे," ते उठत म्हणाले. धोतराला लागलेली माती त्यांनी झटकलीसुद्धा नाही. चौथ्या नटावर पाना बसवला आणि दांड्यावर पाय देऊन उभे राहिले. सास्तूरच्या पंचक्रोशीत त्यांचा शब्द खाली पडत नव्हता. इथं एक नट ऐकेना.

"मी धरू का, आबा?" प्रेमला खाली उतरली. पाना निसटू नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी तो धरला. वाकताना तिचा पदर खांद्यावरून घसरला.

दंडापासून मानेपर्यंत कातडी आखडून गेली होती. काळपट, मधेच गुलाबी.

हिंमतरावांचा पाय दांड्यावरून खाली आला. "हे काय?"

तिनं पदर सावरला. "चुलीतलं लाकूड."

"कुनी?"

ती पुन्हा पान्याकडं वाकली.

"तुझ्या आईला ठावं हाय?"

"हाय."

"मग मला कसं कुनी सांगितलं न्हाय?"

प्रेमलानं पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ पाहिलं. आवाजात ना राग होता ना रडू. "सांगितलं हुतं, आबा. म्याच सांगितलं. आल्या दिवशी, तुमी जेवत हुता तवा. तुमी म्हणलाव, चुलीपुढं बसणाऱ्या बाईला भाजायचंच."

हिंमतरावांना ते जेवण आठवलं. आपण दुसऱ्यांदा आमटी मागितली होती, तेही आठवलं. ते ऐकूनही लेक दारात उभी राहिली होती, कुणीतरी आणखी काही म्हणेल म्हणून. कुणीच काही म्हणालं नव्हतं.

ते पुन्हा पान्याकडं वळले. काय करावं ते कळेना, म्हणून सगळा संताप त्या दांड्यावर काढू लागले. तळहात सोलले. दम लागला. नट तसूभर हलला नाही.

उमरग्याच्या बाजूनं आलेला एक ट्रक पुढं जाऊन थांबला. गुळाच्या ढेपा भरून सोलापूरला निघालेला. ड्रायव्हर वीरप्पा हुमनाबादकडचा होता. तो उतरून आला, तुटलेले बोल्ट पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अहो मालक, कुनीकडं फिरवत हुता?"

हिंमतरावांनी हातानं दाखवलं.

"ह्या गाडीला डाव्या अंगाच्या नटांचे आटे उलटे ऱ्हातेत. तुमाला वाटलं खोलतोय. तुमी आवळत हुता. जेवढा जोर लावला तेवढं आवळलं, मग तुटायचंच की." त्यानं उरलेल्या दोन बोल्टांकडं पाहून मान हलवली. "दोनावर चाक ऱ्हात न्हाय. गाडी इथंच सोडा. नळदुर्गकडं यायचं तर माझ्यासंगं चला." तो ट्रककडं गेला.

हिंमतराव जीपला टेकून खाली बसले. ऊन कलतं झालं होतं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, माणूस दिसत नव्हतं. सोललेले तळहात त्यांनी धोतराला पुसले.

"चल पोरी," ते म्हणाले. "उमरग्याकडं जाणारं काहीतरी मिळंल. माघारी जाऊ. मी तुला तिथं सोडत न्हाय."

लेक सुटल्यासारखी रडेल, असं त्यांना वाटलं. प्रेमलानं नुसती नकारार्थी मान हलवली.

"शिवशरण तिथं हाय, आबा. मला मारलं तर मारू द्या. पर त्यो झोपेत दचकतोय. त्याला कुशीत कोन घेत असंल?"

आपल्या शब्दाखातर ती गाडीत बसली, असं ते सकाळपासून धरून चालले होते. त्यांच्या शब्दाचा तिथं काही संबंधच नव्हता. ती एकटीच निघाली होती. बाप नुसता गाडी हाकत होता.

ट्रकचा हॉर्न वाजला. प्रेमला चालू लागली.

हिंमतराव गुडघ्यावर हात देऊन उठले. त्या घरात जावई धरून चार धट्टेकट्टे भाऊ होते, वरून सासू. आपलं वय झालेलं. दार तरी उघडतील की नाही, कोण जाणे. आधी नळदुर्गच्या पोलीस चौकीवर जावं लागेल, चारचौघांत लेकीचा दंड दाखवावा लागेल. तरी ते भराभर चालत ट्रकपाशी गेले, आधी स्वतः चढले आणि हात देऊन लेकीला वर घेतलं.

वीरप्पानं दोघांकडं पाहिलं. "पोरीला नांदायला सोडायला निघालाव व्हय, मालक?"

"न्हाय," हिंमतराव म्हणाले. "नातवाला आणायला."