पत्र्यावरची टकटक

आजी बसथांब्यावर राहायची, तेव्हा आळीची एक रीत होती. थांब्यात शिरण्याआधी पत्र्यावर टकटक करून विचारायचं, "आजी, येऊ का?" शेवटी ते तिचं घर. आजीही ऐटीत म्हणायची, "ये गं, दार उघडंच आहे." कसलं दार आणि कसलं काय! तीन पत्रे आणि एक बाकडं.

मग आळीने मिळून तिला खोली करून दिली. आजी चांगली तरारली.

आळीतल्या नर्सताईच्या हाताची सवय मात्र सुटेना. रोज बसला जाताना ती रिकाम्या थांब्यावर टकटक करायची आणि स्वतःशीच हसायची.

आज तिला सुट्टी होती. जाता जाता थांब्यावर टकटक करून ती पहिल्यांदाच आजीची खोली बघायला गेली.

"करमतं ना आजी?"

"न करमायला काय झालं? रोज सकाळी टकटक करून येतेस, बस येईपर्यंत बसतेस."

"मी? मी तर आजच आले."

आजीने खुशीत तीन कप चहा ओतला. तिसरा कप रिकाम्या खुर्चीपुढे ठेवत ती मायेने म्हणाली, "सावकाश पी, पोरी. आज बसची घाई नाही ना तुला?"