डब्लिनातला गोंधळ

भवानीआईच्या गोंधळाला ज्ञानदाने गिटार आणि ड्रम्सची जोड दिली होती, आणि आज डब्लिनच्या एका पबात ती तो गाणार होती. तिच्याकडे राहायला आलेले तिचे वडील अण्णा, पिढीजात गोंधळी, हे कळल्यापासून तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तरी आले. गळ्यात कवड्यांची माळ घालून, बियरच्या ग्लासांमध्ये पहिल्याच टेबलाशी बसले.

तिने सूर लावला, गिटार कडाडली आणि अण्णा ताडकन उभे राहिले.

"थांबीव!"

सगळा पब चिडीचूप. ज्ञानदाने माइक खाली घेतला.



अण्णांनी मोबाइलचा टॉर्च लावून हात उंच धरला. "दिवटी पेटवल्याबिगर गोंधळ उभा ऱ्हातो व्हय गं? हां, आता म्हण."