शिस्तीचं वाचनालय

दार आतून लागलं आणि ग्रंथपालबाई बाहेर जिन्याजवळच्या स्टुलावर बसल्या. सुनावणीला कर्मचाऱ्यांनी हजर राहायचं नाही, असा लेखी हुकूम होता. शिपाईमामा दाराला कान लावून उभे राहिले. आत चाळीसेक माणसं होती, आणि आवाज म्हणाल तर फक्त पंख्याचा. बाईंना बरं वाटलं.

आत ठरत होतं ते काही साधंसुधं नव्हतं. नगरपालिकेला ही जागा मोडक्या टेबलखुर्च्या ठेवायला हवी होती. वाचनालय बंद करायचं हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आता वाचकांची काही हरकत आहे का, एवढं विचारायचं बाकी होतं. हरकत निघाली तर प्रकरण पुन्हा सभेपुढे जाणार. नाही निघाली तर महिनाअखेर कुलूप, पुस्तकं पोत्यात, बाई जन्ममृत्यूच्या नोंदणीला आणि मामा घरी. मामा कंत्राटी होते.

या वाचनकक्षात बोलायचं नाही, हा बाईंचा नियम सव्वीस वर्षांचा. पुस्तक हवं असो, पंखा जोरात असो नाहीतर शेजारचे गृहस्थ घोरत असोत, चिठ्ठी लिहायची आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. बाई अकराला आणि पाचला पेटी उघडत. उत्तरही चिठ्ठीनेच मिळे. एक निवृत्त बँडवाले वाचता वाचता गुणगुणले, तर बाईंनी त्यांना आठवडाभर बाहेर बसवलं होतं. एका जोडप्याने तर म्हणे लग्नच इथे चिठ्ठ्यांवर जमवलं. त्यांच्या पहिल्या दोन चिठ्ठ्या चुकून पेटीत आल्या, तेव्हा बाईंनी दोघांनाही एकच उत्तर पाठवलं, ‘बाहेर जाऊन बोला.’ लोक बाईंना टरकून असत. तरी रोज येत, कारण घरात न मिळणारी शांतता साऱ्या वस्तीत या एकाच खोलीत होती.

काल बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, ‘उद्या सुनावणीला नगरपालिकेचे साहेब येणार आहेत. आपली शिस्त दिसली पाहिजे.’ याहून जास्त लिहायची त्यांना मुभा नव्हती. वाचकांना भरीला घातलंत तर नोकरी जाईल, हेही त्या हुकमात होतं.

मामा तेव्हाच कुरकुरले होते. “बाई, उद्या तरी आरडाओरडा करू द्या की लोकांना.”

“आरडाओरडा करणाऱ्यांचं वाचनालय कोण ठेवेल, मामा?”

आता मामा दारापाशीच कुजबुजले, “साहेब काहीतरी विचारतायत.” थोड्या वेळाने म्हणाले, “परत विचारतायत.” आणि मग, “तिसऱ्यांदा विचारलं, बाई. कुणीच काही बोलत नाहीये.” बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा झाले होते. या गडबडीत अकराची पेटी उघडायची आज राहूनच गेली होती.

दार उघडलं. साहेब बाहेर आले. मागोमाग कारकून पेनाला टोपण लावत आला.

“झालं, बाई,” साहेब म्हणाले. “कोणाचीही हरकत नाही.”

बाई स्टुलावरून उठल्या. “साहेब, हरकत नसती तर कामधंदे सोडून चाळीस माणसं कशाला आली असती?”

“मलाही तेच वाटलं. म्हणून तर तीनदा विचारलं. विचारलं की सगळे त्या कोपऱ्याकडे बघायचे आणि परत गप्प. एकानेही तोंड उघडलं नाही. लेखी हरकतींची मुदत मागच्या शुक्रवारीच संपली. आज तोंडी सांगायचं होतं. जो बोलेल त्याचीच नोंद होते, बाई.” साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी जरा मान खाली घातली आणि जिना उतरले.

बाई आत गेल्या. सगळे ताठ बसले होते, हात टेबलावर ठेवून. शहाण्या मुलांसारखे ते बाईंकडे बघत होते. काही बिघडलंय याचा कुणालाही पत्ता नव्हता.

“अहो, बोलला का नाहीत?” बाई ओरडल्या. सव्वीस वर्षांत त्या खोलीत इतक्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. पुढच्या बाकावरची शिंपीण दचकली. मग तिने कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट दाखवलं.

पेटीची फट कागदांनी चोंदली होती. बाईंनी किल्ली लावली तसा चिठ्ठ्यांचा ढीग बाहेर आला आणि जमिनीवर पसरला. बाई तिथेच खाली बसल्या. खाली रस्त्यावर साहेबांची गाडी सुरू झाली आणि गेली. बाईंनी एकेक चिठ्ठी उलगडायला घेतली.

‘हरकत आहे. घरी दिवसभर शिलाईमशीन चालू असतं. माझी मुलगी इथे अभ्यास करते.’

‘हरकत आहे. बायको गेल्यापासून मी इथेच असतो.’

‘हरकत आहे. मामांना काढू नका, मला वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं तेच जिन्यात नेऊन वाचून दाखवतात.’

पुढची चिठ्ठी बँडवाल्यांची होती. त्यांचं ठसठशीत अक्षर बाई कुठेही ओळखत. बाईंनी मान वर करून पाहिलं, तर बँडवाले खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत पुढे सरकून, अगदी उठण्याच्या तयारीत बसले होते.

‘बाई, साहेबांसमोर मला मोठ्याने बोलायचं आहे. अकराला पेटी उघडलीत की परवानगी कळवा, मी तयार बसलो आहे.’