नमुन्याचा तास

अथेन्सच्या कॉलेजसाठी फोतिनीनं बॅगसुद्धा आणली होती. पण आई गेल्यापासून बाबाचा एकच धोशा, "बेटावरूनच ऑनलाइन शीक की!" शेवटी ठरलं, आजचा नमुन्याचा तास नीट दिसला तर ती राहील, नाहीतर बोट पकडेल. तास सुरू झाला आणि तिनं टेबलाखालून गुपचूप इंटरनेटच्या डिशची वायर उपटली. चित्र जाताच बाबा गच्चीवर धावला. उत्तरेचा वारा माणूस उडवेल असा, तरी होडीच्या दोरानं स्वतःला धुराड्याशी बांधून त्यानं डिश कवटाळली. "आता दिसतंय का गं?" "नाही!" "आता?" "नाही! बाबा, खाली ये, पडशील!" "चार वर्षं असाच धरून उभा राहतो, तू फक्त शीक!" तिनं डोळे मिटून वायर पुन्हा खोचली. "दिसतंय." वरून आरोळी आली, "तुझी नवी बॅग दे वर, दगड भरून डिशला टेकू लावतो. आता कशाला लागतेय ती!"