लाल संघाचा शेवटचा सामना

झिपऱ्यानं चेंडू डावीकडून आत आणला, दोघांना चकवलं आणि मारला. गोल.

माईकसमोर बसलेल्या निवेदकानं हा गोल डोळे मिटूनच सांगितला. थकला की तो डोळे मिटायचा, आणि हल्ली तो नेहमीच थकलेला असे. डाव्या हातानं त्यानं बटण फिरवलं, तशी गर्दी उसळली. बटण मागं घेतलं, गर्दी खाली बसली.

मैदानावर जाऊन फुटबॉल सांगण्याचे दिवस केव्हाच संपले होते. आता ही बिनखिडकीची खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या जुन्या रजया, माईक आणि हातभर तार बाहेर आलेलं एक लहानसं यंत्र. शनिवारी दोन सामने, रविवारी एक. पण डोळे मिटले की खोली उरत नसे. ओलं गवत दिसे. चेंडू वर जाई आणि पिसासारखा तरंगत राही, खाली यायची त्याला घाई नसे. निवेदक त्या चेंडूखाली उभा राहून बोलत राही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते, रेडिओ मांडीवर. वडिलांची नजर गेली होती, पण कान तिखट होते. तरुणपणी ते लाल संघाकडून खेळले होते. आठवडाभर कारखाना आणि रविवारी मैदान, असा तो काळ.

"आलास? घसा बसलाय तुझा," अण्णा म्हणाले.

"दोन सामने झाले ना."

"चांगले सांगितलेस. फक्त एक कळलं नाही. झिपऱ्या मागच्या महिन्यात निळ्यांकडे गेला होता ना? मग आज आपल्याकडून गोल कसा मारला त्यानं?"

निवेदकाचा हात पायातल्या बुटाशी थांबला. स्वयंपाकघरातली भांडीही थांबली.

"उसना आणला असेल," अण्णाच म्हणाले. "हल्ली खेळाडूही उसने मिळतात म्हणे."

"हो. उसनाच आणलाय."

"आमच्या वेळी शेजारी साखर उसनी मागायचे." अण्णा हसले. "आता खेळाडू शर्ट बदलतो की शर्ट खेळाडू बदलतो, तेच समजत नाही. आम्ही गुडघे दिले रे. हे आधी गुडघ्यांचा विमा काढतात, मग पळतात."

"पळतात कुठं? दीड तासाचा खेळ आणि दिवसभर जाहिराती," निवेदक म्हणाला. "गोल मारल्यावर पोरगा आधी कॅमेरा शोधतो, मग आपली माणसं."

"तरी उद्या जिंकायला हवेत आपले लाल."

"हवेत."

उद्याचा सामना मोसमातला शेवटचा होता. लाल हरले तर संघच बंद होणार, हे निवेदकानं गेल्या आठवड्यातच रेडिओवर सांगितलं होतं. तेव्हापासून अण्णांचं जेवणात लक्ष नव्हतं.

ताटं वाढताना बायको हळूच म्हणाली, "हरू देत की एकदाचे. सुटाल तरी."

"हरू देत म्हणजे? माझ्या हातात आहे का ते?"

तिनं आमटीचं भांडं पुढं सरकवलं.

"अण्णांचा जीव आहे त्या संघात," तो म्हणाला. "दुसरं काय उरलंय त्यांना?"

"आणि तुमचा जीव? आरशात बघता का कधी? मीच सांगते त्यांना."

"नको. उद्याचा दिवस जाऊ दे."

रविवारी जेवण झाल्यावर त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"अण्णा, निघालो कामाला."

"नीट जा. आणि ओरडू नकोस फार. मला ऐकू येतं."

सामना सुरू झाला आणि निवेदकानं डोळे मिटले. आज त्यानं मनाशी ठरवलं होतं, की जे व्हायचं ते होऊ द्यायचं. लाल एका गोलनं मागं पडले. गवतावर ऊन तिरपं झालं, सावल्या लांबल्या. पाय जड झालेले खेळाडू झोपेत चालल्यासारखे चालत होते आणि निवेदकाचा आवाजही त्यांच्यामागून ओढत चालला होता. अजून थोडा वेळ, मग सगळं संपणार होतं. किती शांत वाटेल, त्याच्या मनात आलं.

मग त्याला खुर्चीतले अण्णा दिसले. रेडिओवर वाकलेली ती मान दिसली.

झिपऱ्या उठला. एक गोल. शिट्टी वाजायच्या आत दुसरा. निवेदकाचा आवाज फुटला, बटण शेवटपर्यंत फिरलं आणि गर्दी कितीतरी वेळ खाली बसलीच नाही.

ती बसल्यावर त्यानं गर्दीच्या आवाजाची टेप थांबवली. ते लहानसं यंत्र बंद केलं. त्याची ताकद तेवढीच होती, या घरातल्या एका रेडिओपुरती. भिंतींवरच्या रजया उतरवून त्यानं घड्या घातल्या, त्या ट्रंकांवर रचल्या आणि अडगळीच्या खोलीचं मागचं दार उघडून तो बाहेर पडला. घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आला आणि बेल वाजवली.

"वाचला रे आपला संघ," अण्णा म्हणाले. "आता मोसम संपला. दोन महिने गळ्याला सुट्टी दे. मग आहेच पुढचं."

"आहेच," तो म्हणाला आणि गुळण्या करायला आत गेला.

बायको अण्णांच्या खुर्चीशी येऊन बसली. "अण्णा, त्यांच्या नोकरीबद्दल एक सांगायचं होतं."

"नको सांगूस, सूनबाई." अण्णांनी आतल्या नळाचा आवाज येतोय ना, याची खात्री करून घेतली. "रेडिओ केंद्र बंद पडलं ते मला तेव्हाच कळलं. लाल संघ तर त्याच्याही आधी मोडला. एकदा गेली त्याची नोकरी. ही तरी राहू दे."