आदल्या रात्रीची स्क्रीन

"वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं," रीस्टार्टबुवा म्हणाले आणि तिच्या टेबलावरच्या पुड्यातलं एक बिस्कीट उचललं. "बरं, अकराला त्या हॉस्पिटलचे लोक येतायत. रिकाम्या बेडची स्क्रीन तेवढी बघून ठेव."

टीमप्रमुख म्हणून त्यांचं खरं नाव केबिनच्या दारावर होतं. ऑफिसात ते कोणी वापरत नसे. सर्व्हर अडकला की बुवांचा उपाय एकच: बंद करा, चालू करा. आणि तो अडकायचा बुवांच्याच कोडमुळे. डेटाबेसशी जोडणी उघडली की काम झाल्यावर परत करायची, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बुवा उघडायचे आणि विसरायचे. मोजक्याच जोडण्या, त्या सगळ्या अशा अडून बसल्या की नवी माहिती येणं बंद. त्यावर बुवांनी शक्कल लढवली होती. नवी माहिती आली नाही, तर साठवलेली जुनी दाखवायची. कितीही जुनी असो. स्क्रीन कोरी राहता कामा नये, हे ते नव्या मुलांना मंत्र द्यावा तसं सांगत.

गेल्या आठवड्यात तिचे बाबा त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर स्ट्रेचरवर होते. समोर हीच स्क्रीन सांगत होती: अतिदक्षता विभागात एकही बेड रिकामा नाही. त्यांना दुसरीकडे हलवलं. ते वाटेतच गेले. दादा मागाहून रिपोर्ट आणायला वरच्या मजल्यावर गेला, तर तिथे अतिदक्षता विभागात धुतलेली चादर घातलेला बेड सकाळपासून तसाच होता. स्क्रीन आदल्या रात्रीची होती, हे घरात फक्त तिलाच कळलं.

"बघितली," ती म्हणाली. "जोडण्या आता परत होतात. आणि माहिती जुनी झाली असेल तर दाखवत नाही."

"मग काय दाखवतं?"

"'माहीत नाही' असं."

बुवा हसले. "अगं, विकायचंय ते आपल्याला. तू दुःखात आहेस, समजतं मला. पण ते काढून टाक."

"तुम्ही काढा ना, सर. कुठे लिहिलंय ते सापडलं तर."

बुवांना ते सापडलं नाही.

अकरा वाजता हॉस्पिटलच्या अधीक्षक डॉक्टर बाई आल्या. बुवा बोलायला उभे राहिले, तेव्हा कोपऱ्यात बसून तिने डेटाबेस बंद केला. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एकच उत्तर उमटलं. माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही.

"किरकोळ अडचण आहे," बुवा घाईने म्हणाले. "आम्ही जुनीच पद्धत ठेवू. तिच्यात नवी माहिती मिळाली नाही, तरी आधीची दिसत राहते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आत्ता आमच्याकडे चालू आहे, ती?"

"तीच," बुवा अभिमानाने म्हणाले. "कधी कोरी पाहिलीत?"

बाईंनी स्क्रीनवरच्या त्या ओळींकडे बोट केलं.

"असं दिसलं असतं," त्या सावकाश म्हणाल्या, "तर आमच्यातलं कोणीतरी जिना चढून बघून आलं असतं. एकच तर मजला आहे."