प्रज्ञाच्या नावाचा टी-शर्ट

पिंपळवंडीचा राजरत्न पुण्यातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या पिशवीत कबड्डीचा एक टी-शर्ट होता. गावच्या सामन्यांना आलेल्या एका नामांकित खेळाडूने तो सही करून त्याच्या लेकीला, प्रज्ञाला दिला होता. आता प्रज्ञाला राज्याच्या संघाच्या निवडीला जायचं होतं. बुटांचा आणि प्रवासाचा खर्च काही केल्या जमेना, तेव्हा तिनेच तो टी-शर्ट बापाच्या हातात ठेवला होता.

दुकानदाराने भिंग लावून सही पाहिली. "सही खरी आहे. पण वर 'प्रिय प्रज्ञास' लिहिलंय ना, त्यानं भाव पडतो. दुसऱ्याच्या नावाची वस्तू कोण घेणार?"

"आन् नाव नसतं तर?"

"तर चांगले पैसे दिले असते." राजरत्नचा उतरलेला चेहरा पाहून दुकानदाराचा आवाज मऊ झाला. "वाईट वाटून घेऊ नका. उद्या ही प्रज्ञाच मोठी खेळाडू झाली, तर लोक या नावासाठीच जास्त मोजतील. पण ते आज कुणी सांगावं?"

राजरत्नने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्याने टी-शर्टची हलक्या हाताने घडी घातली.

"मग आत्ताच इकाया नको, राव. थांबतो मी."

टी-शर्ट पिशवीत गेला. राजरत्नने मनगटावरचं लग्नातलं घड्याळ काढून दुकानदारापुढे ठेवलं.

"ह्याच्यावर कुणाचं नाव नाय. ह्याचं किती देता?"